वाचकांचे प्रश्न : मेंदूची घडण आणि आईच्या माथी येणारा दोष

गेल्या अंकात बाळाच्या मेंदूच्या वाढीविषयी लिहिले आणि महिनाभरात सोलापूर शहरातून, तसेच बार्शी, अक्कलकोट आणि मोहोळ तालुक्यांतून इतकी पत्रे आली की प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणे शक्य झाले नाही. भारतातील पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यांत जवळजवळ आठांपैकी एका मुलात मेंदूच्या विकासाशी निगडित अशी एखादी तरी अडचण आढळली होती. या अडचणींत ऐकण्या-पाहण्यातील दोषापासून फेफरे, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता आणि अतिचंचलतेपर्यंत बरेच काही येते. हे लक्षात घेता पत्रांच्या संख्येचे नवल वाटत नाही. पत्रे संक्षेपाने दिली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मी विडी कामगार आहे. माझा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, चादरीच्या दशा बोटांत धरून तासन्‌तास बसतो. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी स्वमग्नता आहे असे सांगितले. तो पोटात असताना मी आठव्या महिन्यापर्यंत विड्या वळत होते आणि एकदा ग्रहणात भाजी चिरली होती. सासूबाई म्हणतात, हे तुझ्यामुळेच झाले. खरे काय ते सांगा.

उत्तर : ताई, तुमच्या मुलाची स्वमग्नता तुमच्यामुळे आलेली नाही. ग्रहणाचा आणि मेंदूच्या घडणीचा काडीचाही संबंध नाही. तंबाखूबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण तो पदार्थ निरुपद्रवी आहे असे मी सांगितले तर ते खोटे ठरेल. त्याआधी मेंदू कसा घडतो ते पाहू.

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे बाईला कळण्याच्या आतच, पुढे ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू तयार व्हायचा ती नळी मिटते. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्यापूर्वीपासून घ्या असे आम्ही सांगतो ते याच कारणाने. त्यानंतर या नळीच्या आतल्या भिंतीलगत चेतापेशी जन्माला येऊ लागतात, पण जिथे जन्मतात तिथे त्या राहत नाहीत. आतून बाहेरच्या कडेपर्यंत ताणलेले लांब तंतू असतात, त्यांना धरून त्या वर सरकतात आणि आपापल्या थरात जाऊन बसतात. आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरात राहतात आणि नंतरच्या पेशी त्यांना ओलांडून वर जातात. पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडाच्या गर्भाच्या मेंदूत ही चढण दाखवून दिली. मागावर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. ताणा भरताना एखादा धागा फणीच्या चुकीच्या घरातून ओवला गेला, तर त्याचा दोष कापड हातभर विणून झाल्यावर डोळ्यांना दिसतो, पण तो विणताना झालेला नसतो. स्वमग्नतेची लक्षणे दीड-दोन वर्षांच्या वयात दिसू लागतात, म्हणून घरचे लोक त्याच सुमारास काय घडले ते आठवत बसतात : पडला होता, ताप आला होता, लस दिली होती, मोबाइल हातात दिला होता. मूळ मात्र बहुतेक वेळा त्याच्या फार आधी असते. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मृत्यू पावलेल्या मुलांच्या मेंदूचे नमुने तपासले, तेव्हा अकरा स्वमग्न मुलांपैकी दहांच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या आवरणात, ठिकठिकाणी थरांची मांडणी विस्कटलेली दिसली. तुलनेसाठी घेतलेल्या अकरा मुलांपैकी एकातच तसे आढळले. हे थर बाळ पोटात असतानाच बसत असतात.

आता मांडणी का विस्कटते ते सांगते. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास केला. हुबेहूब सारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती, तर वेगळ्या बीजांपासून झालेल्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. अभ्यास लहान असला तरी त्याने शोधाची दिशा जनुकांकडे वळवली. २०२० मध्ये पस्तीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या जनुकीय तपासणीतून स्वमग्नतेशी संबंध असलेली १०२ जनुके समोर आली, आणि त्यांतील बरीचशी गर्भाच्या वाढत्या मेंदूत काम करतात. यांतले काही बदल आईवडिलांपैकी कोणातही नसतात, ते बीजपेशी तयार होतानाच नव्याने घडतात. आइसलँडमधील २०१२ च्या अभ्यासात असे दिसले की वडिलांचे वय एका वर्षाने वाढले की बाळात येणाऱ्या अशा नव्या बदलांची संख्या सरासरी दोनांनी वाढते. हे मी वडिलांवर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. ज्या घरात सारा दोष सुनेच्या माथी मारला जातो, त्या घराला एवढे तरी माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

आईला दोष देण्याची चूक मोठमोठ्या डॉक्टरांनीही केली आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. त्यांनी ती जन्मजात असल्याचेही लिहिले होते, तरी पुढची वीस वर्षे आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल असे होते हा समज वैद्यकात ठाण मांडून बसला आणि त्यात कॅनर यांच्या लिखाणाचाही वाटा होता. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता, तो समज पुराव्यानिशी खोडून काढला. १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत कॅनर यांनी उघडपणे सांगितले की मी तुम्हा आईवडिलांना दोषमुक्त करतो. ताई, त्या सभेला आज पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तुमच्या घरात तो निकाल अजून पोहोचलेला नाही.

तंबाखूकडे वळते. विडी वळताना तंबाखूची भुकटी श्वासावाटे जाते आणि निकोटिन हाताच्या कातडीतूनही शरीरात शिरते. वारेतून ते बाळापर्यंत पोहोचते. तंबाखूमुळे बाळ कमी वजनाचे होणे, दिवस भरण्याआधी जन्मणे हे धोके खरे आहेत, म्हणून गरोदर बाईने हे काम शक्य तेवढे टाळावे, निदान घरात मोकळी हवा ठेवावी आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावेत असे मी सांगते. परंतु गरोदरपणातले धूम्रपान आणि स्वमग्नता यांचा संबंध अनेक अभ्यासांनी तपासला असून त्यांचा एकत्रित पडताळा घेतल्यावर तो टिकलेला नाही. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी आया पानाने काळवंडलेली बोटे पदराखाली लपवतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्या बोटांनी घर चालवले आहे.

आता करायचे काय? आधी मुलाच्या कानांची तपासणी झाली आहे की नाही ते विचारा, झाली नसेल तर करून घ्या. वाचा आणि वर्तन यांचे प्रशिक्षण लगेच सुरू करा. पुढच्या खेपेला सासूबाईंना बरोबर आणा, म्हणजे हे सारे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकता येईल.

प्रश्न : आमच्या घरात तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड आहेत आणि अंगणवाडीत मराठी. अडीच वर्षांची मुलगी जेमतेम चार शब्द बोलते. एका ठिकाणी सांगितले की भाषांच्या गोंधळामुळे तिचा मेंदू थकला आहे, घरातली तेलुगू बंद करा. माझ्या आईला तेलुगूखेरीज दुसरी भाषा येत नाही. (सोलापूरच्या पूर्वभागातील एक वडील)

उत्तर : तेलुगू बंद करू नका. आजीने नातीशी बोलणे थांबवले तर मुलीच्या कानावर पडणारे शब्द कमी होतील, आणि तिला नेमकी त्याच गोष्टीची गरज आहे.

लहान मुलाच्या कानाची ताकद किती असते त्याचे एक उदाहरण देते. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना आपल्याकडचे ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. मोठ्या इंग्रजी भाषकाला या दोन ध्वनींतला फरक सहजी कळत नाही, पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता. वर्षाच्या आसपास, ती भाषा घरात कानावर पडत नसल्यामुळे, त्याच बाळांतली ही क्षमता मावळली. मेंदू आधी सर्व दारे उघडी ठेवून येतो आणि जी वापरात नाहीत ती हळूहळू लावून घेतो. पहिल्या काही वर्षांत चेतापेशींमधील जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात आणि पुढे वापरानुसार छाटल्या जातात. ही छाटणी पाहण्याच्या केंद्रात लवकर उरकते आणि कपाळामागच्या भागात किशोरवयापर्यंत चालते, हे पीटर हुटेनलॉकर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्या मोजून १९७९ पासून दाखवले. दोन-तीन भाषा म्हणजे मेंदूवरचा बोजा, असे या संशोधनात कुठेही नाही. स्वमग्न मुलांतही दोन भाषांच्या घरामुळे बोलण्याला जास्त उशीर होत नाही असे २०१२ च्या एका कॅनेडियन अभ्यासात आढळले.

तेव्हा भाषा कारण नाही, आणि म्हणूनच अडीच वर्षांच्या मुलीचे चारच शब्द हा प्रश्न अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. ‘आपल्या घरात मुले उशिराच बोलतात’ असे कोणी म्हटले तरी थांबू नका. श्रवणचाचणी करून घ्या. मुलगी काही हवे असल्यास बोट दाखवते का, तुमच्या डोळ्यांकडे पाहून हसते का, हे नीट लक्षात घेऊन डॉक्टरांना सांगा. शब्द मोजताना तिन्ही भाषांतले मिळून मोजा.

प्रश्न : नातवाला स्वमग्नता आणि अतिचंचलता दोन्ही असल्याचे सांगतात. एमआरआय काढला, तो नॉर्मल आला. मेंदू नॉर्मल असेल तर आजार कसा? (बार्शीचे एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि बहुतेक स्वमग्न मुलांचा एमआरआय असाच निघतो. गाठ, रक्तस्राव, मोठी इजा किंवा मेंदूचा एखादा भागच न घडणे अशा गोष्टी तो दाखवतो. रुग्णालयातल्या नेहमीच्या यंत्रात चित्राचा एक ठिपका सुमारे एक मिलिमीटरचा असतो. एका घन मिलिमीटरमध्ये काय मावते ते २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूच्या तेवढ्याशा तुकड्यात त्यांना सुमारे ५७,००० पेशी आणि जवळपास १५ कोटी जोडण्या मोजता आल्या. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान तुकडा आहे हा. एवढे सारे ज्या चित्रात एका ठिपक्यात जाते, त्यात जोडण्यांमधला फरक दिसणार कसा?

म्हणूनच हे निदान चित्रावरून होत नाही. मुलाला खेळताना, बोलताना, वागताना प्रशिक्षित नजरेने पाहून आणि घरच्यांशी तपशीलवार बोलून ते करावे लागते. आपल्याकडे त्यासाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी २००९ पासून उपलब्ध आहे. फेफरे येत असतील, डोक्याचा घेर फार लहान वा फार मोठा असेल किंवा शिकलेले हरवत चालले असेल, तर एमआरआय अवश्य काढावा. इतर वेळी तो काढलाच पाहिजे असे नाही. त्यावर खर्च होणारे काही हजार रुपये वाचाप्रशिक्षणाला जास्त उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

मेंदूची बारीक रचना पाहण्याचे काम प्रयोगशाळांत चालू आहे आणि त्यात आपला देश मागे नाही याचा मला अभिमान वाटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या गटाने, मेंदूच्या कोणत्या भागाने बाह्यक व्हायचे हे एलएचएक्स-टू नावाचे एक जनुक ठरवते, हे उंदरांत दाखवले. आयआयटी मद्रासच्या केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमाराच्या मानवी गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ नावाचा नकाशा जगासाठी खुला केला. त्यात पेशींच्या पातळीवर टिपलेली ५,१३२ छेदचित्रे आहेत. आपल्या नातवाच्या निदानात त्याचा आज उपयोग होणार नाही. परंतु पेशींची चढण मध्येच कुठे चुकते हे ओळखायचे, तर नेहमीची चढण कशी असते ते आधी ठाऊक असावे लागते.

प्रश्न : पत्नी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या पहिल्या मुलीला बौद्धिक अक्षमता आहे. दुसरे मूल होऊ द्यावे की नाही? (अक्कलकोट)

उत्तर : आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे आणि त्या संसारांतली बहुसंख्य मुले धडधाकट जन्मतात. तरीही विज्ञान काय सांगते ते स्पष्ट मांडते. मामेबहीण आणि आतेभाऊ यांची आठवा हिस्सा जनुके एकाच पूर्वजाकडून आलेली असतात, मामा-भाचीत हे प्रमाण चौथा हिस्सा असते. आपल्या प्रत्येकात काही सदोष जनुके झाकलेली असतात, कारण जोडीतले दुसरे जनुक चांगले असते. पतिपत्नी एकाच घराण्यातली असली तर तेच सदोष जनुक दोघांकडूनही बाळात येण्याची शक्यता वाढते. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता सुमारे दोन-तीन टक्के धरली, तर आते-मामे भावंडांच्या विवाहात ती जवळपास दुप्पट होते.

हे आकडे सर्वसाधारण आहेत, आपल्या घराचे नाहीत. आपल्या मुलीच्या अक्षमतेचे कारण काय, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. कारण थायरॉइडची जन्मजात कमतरता किंवा जन्मावेळी श्वास गुदमरणे हे असेल तर हिशेब वेगळा. दोघांकडून आलेले जनुक हे कारण असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारांपैकी एक अशी शक्यता असते. तेव्हा दिवस राहण्यापूर्वी जनुकतज्ज्ञांकडून मुलीची तपासणी करून घ्यावी. जनुक नेमके सापडले तर पुढच्या गर्भाची चाचणी करता येते. निर्णय आपण दोघांनी घ्यायचा आहे, घरातील वडीलधाऱ्यांनी किंवा मी नव्हे. थायरॉइडविषयी एक गोष्ट सर्वच वाचकांसाठी सांगते. टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून जन्मानंतर काही दिवसांतच ही कमतरता ओळखता येते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखे वाढते. वर्षभराने सुरू केलेल्या गोळीने मेंदूचे झालेले नुकसान भरून येत नाही. प्रसूतीच्या वेळी ही तपासणी मागून घ्या.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाच्या स्वमग्नतेवर मूलपेशींचे (स्टेम सेलचे) उपचार घ्या, इंजेक्शनांचे तीन टप्पे केले की मूल बोलू लागेल, असे एका शहरातील केंद्राने सांगितले आहे. खर्च काही लाख आहे. दोन यंत्रमाग विकायचे ठरवले आहे. आपला सल्ला हवा.

उत्तर : माग विकू नका. हे मी अधिकारवाणीने लिहीत आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाने असेच केले होते. वर्षभराने ते परत आले तेव्हा मूल होते तिथेच होते आणि बापाला दुसऱ्याच्या मागावर पाळीने जावे लागत होते. मधल्या वर्षात वाचाप्रशिक्षणही बंद पडले होते, त्याची मला अधिक हळहळ वाटली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसारख्या मान्य कारणांसाठी होणारे मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. जिथे पैसे मागतात तिथे संशोधन चाललेले नाही, एवढी एक खूण लक्षात ठेवा.

खरे संशोधन कसे चालते ते सांगते, म्हणजे मी आशाच सोडायला सांगते आहे असे वाटणार नाही. रेट सिंड्रोम हा मुख्यतः मुलींना होणारा विकार आहे. मुलगी पहिले काही महिने नीट वाढते, मग हातांचा वापर आणि बोलणे हरवते आणि ती हात सतत चोळत राहते. आंद्रेआस रेट या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी त्याचे वर्णन १९६६ मध्ये केले. कारणीभूत जनुक हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेला १९९९ मध्ये सापडले, म्हणजे तेहतीस वर्षांनी. २००७ मध्ये एडिंबराच्या एड्रियन बर्ड यांनी हे जनुक बंद असलेल्या, आजारी पडलेल्या उंदरांत ते पुन्हा चालू केले आणि उंदीर सुधारले. मेंदू घडताना झालेले नुकसान कायमचेच असते ही समजूत त्या दिवशी हलली. या विकारावरचे पहिले औषध अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मंजूर झाले, आणि तेही आजार बरा करत नाही, काही लक्षणे कमी करते. फ्रॅजाइल एक्स या दुसऱ्या जनुकीय विकारात उंदरांना गुण देणारी औषधे माणसांवरच्या चाचण्यांत उपयोगी ठरली नाहीत. २०१३ पासून संशोधक रुग्णाच्या कातडीच्या पेशींपासून वाटाण्याएवढे मेंदूसदृश गोळे प्रयोगशाळेत वाढवू शकतात आणि त्यांत पेशींचे काय बिघडते ते पाहू शकतात. केंद्रवाले ज्या मूलपेशींचे नाव घेतात त्यांचा आजचा सर्वांत मोलाचा उपयोग हा आहे, आणि तो काचेच्या बशीत होतो, मुलाच्या पाठीत टोचून नव्हे.

आज हाती असलेले जे उपाय टिकले आहेत ते दिसायला साधे आहेत. गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न मुलांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तज्ज्ञ डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी खेळायला शिकवले. आईबापाच्या खेळाचे चित्रीकरण करून ते त्यांनाच दाखवायचे, आणि मुलाने कुठे पाहिले, कुठे आवाज काढला, त्या क्षणी आपण काय केले, हे एकत्र बसून बघायचे, अशी ही पद्धत. पालकांची मुलाला प्रतिसाद देण्याची रीत सुधारली आणि मूल आपणहून संवाद साधण्याचा प्रयत्न जास्त करू लागले. तुमच्या मुलाला चाक फिरवत बसायला आवडत असेल तर चाक हिसकावू नका, शेजारी बसून तुम्हीही फिरवा, थांबा आणि तो तुमच्याकडे पाहील याची वाट बघा. यासाठी माग विकावा लागत नाही. रोज अर्धा तास आणि धीर मात्र लागतो.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडील मुलांत कोणत्या खुणा पाहाव्यात? पालक ‘मोबाइलमुळे झाले’ किंवा ‘लसीमुळे झाले’ म्हणतात, त्यांना काय सांगावे? (मोहोळ तालुका)

उत्तर : ताई, तुमच्यासारख्या सेविकेची नजर माझ्या तपासणीच्या खोलीपेक्षा मोलाची आहे, कारण तुम्ही मुलाला रोज इतर मुलांमध्ये पाहता. वर्षाचे मूल बडबड करत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, सोळा महिन्यांना एकही शब्द नसेल, दोन वर्षांना ‘पाणी दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर नोंद करा. आणि कोणत्याही वयात येत असलेले शब्द हरवले तर त्याच आठवड्यात पाठवा. खेळातली एक गोष्ट मी नेहमी बघते. अंगणात कुत्रे आले की बहुतेक मुले कुत्र्याकडे बोट करतात आणि लगेच मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहतात, जणू ‘पाहिलंस का?’ असे विचारतात. हे वळून पाहणे ज्या मुलात दिसत नाही, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा लक्ष द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे असते आणि त्याने शोधलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे असते. पथक येईपर्यंत थांबू नका, आशाताईंमार्फत आधीच कळवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे, त्यामुळे निदानानंतर प्रमाणपत्र मिळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर येणारी मर्यादा) किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाछत्रही मिळू शकते. हे पालकांना सांगा, कारण प्रमाणपत्र म्हणजे मुलावर शिक्का, या भीतीने पुष्कळ जण ते काढतच नाहीत.

मोबाइलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. मात्र पडद्यासमोर गेलेल्या वेळात कोणी मुलाशी बोलत नाही आणि बोलणे मागे पडते, म्हणून दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाच्या वर जाऊ देऊ नये, असे भारतीय बालरोग अकादमीने २०२१ मध्ये सांगितले आहे. लसीचा आरोप मात्र पूर्णपणे खोटा आहे. तो १९९८ मधील अवघ्या १२ मुलांवरच्या एका लेखातून पसरला, तो लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याच्या मुख्य लेखकाची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांवर केलेल्या २०१९ च्या अभ्यासात गोवराची संयुक्त लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण जास्त आढळले नाही. उलट गोवरच मेंदूला इजा करू शकतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि लसीला नकार देणाऱ्या घरी दाखवा.

प्रश्न : सहा वर्षांचा आमचा स्वमग्न मुलगा मोठ्या आवाजाने कान झाकून रडतो. घरचे म्हणतात त्याला गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, न्यायलाच हवे, सवय होईल. न्यावे का? (नवी पेठ)

उत्तर : न्यावे, पण सवय लावण्याच्या हट्टाने नव्हे. आवाज, उजेड, स्पर्श असह्य होणे ही या मुलांची खरी जाणीव आहे आणि २०१३ पासून निदानाच्या निकषांतच तिचा समावेश झालेला आहे. तो नखरे करत नाही. दारूकामाच्या रात्री आणि अक्षता सोहळ्याच्या गर्दीत त्याला घेऊन जाऊ नका. यात्रेच्या एखाद्या साध्या दिवशी, दुपारी, होम मैदानावर पाळणे नुकतेच सुरू होत असताना न्या. आदल्या दिवशी त्याला पाळण्यांची, दुकानांची छायाचित्रे दाखवा आणि आधी काय, मग काय, परत कधी यायचे, हे त्याच क्रमाने सांगा. कान झाकणारे हेडफोन आणि हातात धरायला त्याच्या आवडीची वस्तू सोबत ठेवा. त्याने कानांवर हात नेले तर ते ओढून काढू नका, त्याला उचलून मैदानाबाहेर आणा. तो शांत झाल्यावर पुन्हा आत जायचे का ते त्याला विचारा, आणि तो घराकडे बोट दाखवत असेल तर घरी या.